पाण्याच्या वरच्या अंगाला

पुण्याच्या कंपनीचा मेल आला तो दिवस मला तारखेनं आठवत नाही. पाण्याच्या आदल्या दिवशी आला, एवढं पक्कं आठवतं. कारण त्या रात्री आम्ही दोघंही जागेच होतो.

सोलापूरबाहेरच्यांना हे थोडं समजावून सांगावं लागतं. आमच्या पूर्व भागात नळाला पाणी चार-चार दिवसांआड येतं. वार ठरलेला असतो, वेळ ठरलेली असते असं म्हणतात. खरं म्हणजे चावीवाला चावी सोडेल तेव्हा येतं. पहाटे तीनलाही येतं. नळ आधी खाकरतो, हवा सोडतो, एक-दोनदा आचका देतो. अत्तम्मा ओट्याजवळ झोपतात, त्यांना तो आवाज सगळ्यांच्या आधी ऐकू येतो. (सासूबाईंना आमच्यात अत्तम्मा म्हणतात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भाजीवालीशी कानडी, असा आमचा कारभार.) “नीळ्ळु वच्चिनै!” अशी त्यांची एकच हाक पडते, आणि घरातली पाचही माणसं उठून आपापल्या जागी उभी राहतात. पहिलं पिवळट पाणी संडासच्या पिंपात. रंग बदलला की नळाच्या तोंडाला टॉवेलचा तुकडा बांधायचा. हा तुकडा आमच्याच मागावरचा, सेकंड मालातला. दुहेरी घडी घालून, सुतळीचे तीन वेढे देऊन, गाठ वरच्या बाजूला. टेरीच्या फासांमध्ये गाळ असा अडकतो की शेवटी तुकडा सोडला तर मधोमध हाताला बुळबुळीत लागणारा तपकिरी गोल उठलेला असतो. तो धुऊन वाळत घातला की पाण्याचा दिवस संपला. हे काम माझं. लग्न झाल्यापासून, म्हणजे सतरा वर्षं.

तर मेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी एक्सपोर्टची कागदपत्रं बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, कंटेनर न्हावा शेव्याला वेळेत पोचतो की नाही, परदेशातल्या गिऱ्हाइकाला लेबलवरचं एक अक्षर कमी पडलं म्हणून येणारी रडारड, हे सगळं माझ्या टेबलावर. पगार चौतीस हजार. पुण्यातल्या कंपनीला हेच काम करणारं माणूस हवं होतं. पगार बासष्ट हजार. जॉइन व्हायला पंचेचाळीस दिवस.

मी कुणाला पेढे दिले नाहीत. नवऱ्याला रात्री मोबाइल दाखवला. त्यानं दोनदा वाचला आणि विचारलं, “घरून करता येत नाही का हे?”

आमच्या ओळखीत निम्मी घरं पुण्यात आहेत. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागते, बायको मुलांचे दाखले काढते, आई-वडील “तुमचं बरं चाललंय ना, मग झालं” म्हणतात, टेम्पो भरतो. त्यात ठरवण्यासारखं काही असतं असं कुणाला वाटत नाही. नोकरी माझी निघाल्यावर मात्र तो एकदम सगळ्या घराचा प्रश्न झाला. चुलतसासरे आले, नणंदेचा फोन आला, माझ्या आईनंही “जावईबापूंचं काय?” असं विचारलं. माझं काय, हे विचारायला कुणी आलं नाही. तेव्हा राग आला होता, आता तितका येत नाही. कारण जावईबापूंचं काय हा प्रश्न खरोखरच अवघड होता.

घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमचे आठ यंत्रमाग आहेत. सासऱ्यांनी एकेक करत घेतलेले. साधे माग, धोट्याचे. सूत व्यापाऱ्याचं, आम्ही मजुरीवर टॉवेल विणून द्यायचा. पूर्वी आठही माग दोन पाळ्यांत चालायचे. मोठ्यांनी ऑटोलूम घेतले, विजेचं बिल वाढत गेलं, कामगारांची पोरं मागावर यायला तयार होईनात. गेल्या काही वर्षांत चार माग चालतात, दोन कधीमधी, आणि दोनांवर आम्ही पापड वाळत घालतो. हे माग पुण्याला नेता येत नाहीत. विकायचे म्हटलं तर मागाला गिऱ्हाईक नाही, लोखंडाला आहे. किलोवर जातात. नवरा सेहेचाळीस वर्षांचा, आयुष्यभर स्वतःच्या शेडमध्ये मालक म्हणून वावरलेला. तो पुण्यात जाऊन काय करणार, हे त्याला कुणी विचारत नव्हतं आणि तो बोलतही नव्हता. फक्त रोज रात्री बंद पडलेल्या मागांपैकी एकाला तेलपाणी करायला लागला होता. मला त्या तेलाच्या डब्याचीच धास्ती वाटायची.

मग मी हिशेब मांडला. हिशेब मांडला की माझं डोकं शांत होतं, धंद्याची सवय आहे. थोरलीच्या जुन्या वहीतलं मागचं पान घेतलं. पगारातली वाढ अठ्ठावीस हजार. पुण्याजवळच्या मांजरी गावात दोन बेडरूमचं घर बावीस हजार, सोसायटीचा मेंटेनन्स दोन. दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, एजंटाचं एका महिन्याचं भाडं, अकरा महिन्यांचा करार, पुढच्या वर्षी भाडं वाढणार ते वेगळं. दोन पोरांची शाळा. इथे अनुदानित शाळेत फीचं नाव काढावं लागत नाही. तिथल्या शाळेनं फोनवर जो आकडा सांगितला तो मी आधी दोघांचा मिळून समजले. तो एकाचा होता. गॅस, दूध, भाजी, बस. इथे किराणावाल्या अण्णांकडे वही असते, पगार पुढेमागे झाला तरी महिना निघतो. तिथे कोण वही ठेवणार? पान संपलं तेव्हा उत्तर उणे आलं. थोरलीनं मागून वाकून बघितलं आणि म्हणाली, “आई, उजनी मायनस की.”

हे आमच्याकडचं बोलणं. उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं, पावसाळ्यात प्लस झालं, ही आमच्या पेपरांची पहिल्या पानावरची बातमी असते. पोरं तेच शिकतात. परीक्षेत कमी मार्क पडले तरी उजनी मायनस.

रेल्वेत असलेल्या शेजारच्या काकांनी आणखी एक मजा सांगितली. सोलापूर रेल्वेचं डिव्हिजन, त्यामुळे असे काका प्रत्येक गल्लीत एकदोन सापडतात. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग केलेत. पुणे ‘एक्स’, सोलापूर ‘वाय’. एक्समध्ये मूळ पगाराच्या ३० टक्के भत्ता, वायमध्ये २० टक्के. काकांनी बोटांवर मोजून सांगितलं, “साठ हजार मूळ पगार असला तर फरक किती? सहा हजार. सहा हजारांत सोलापूरचा माणूस पुणेकर होतो असं दिल्लीत कुणीतरी ठरवलंय बघ.” काका स्वतः दोनदा पुण्याची बदली टाळून इथेच रिटायर होणार आहेत.

तरीही बघून तरी येऊ, म्हणून एका शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आम्ही दोघं निघालो. या गाडीचं नाव आमच्या चार हुतात्म्यांवरून आहे. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. आता त्या गाडीत निम्मा डबा भाड्याच्या घराचं बोलत असतो. आमच्या समोरचं जोडपं वाकडला वन बीएचके बघायला चाललं होतं. बाईंनी डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली आणि न विचारता आमच्या हातावर ठेवली. पुढे भिगवणच्या बाजूला उजनीचा फुगवटा दिसायला लागला. नवरा खिडकीतून बघत म्हणाला, “आपलं पाणी.”

मला तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली, ती अजून गेली नाही. ते पाणी आपलं कुठलं? पुणं खडकवासल्याचं पाणी पितं, वापरतं, मुळा-मुठेत सोडतं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते, आणि उजनीतून पाइपानं आणि नदीनं ते आमच्या नळाला येतं. ज्या तपकिरी गोलावर मी सतरा वर्षं सुतळी बांधली त्यात पुण्याचं किती असेल कोण जाणे. पाणी वरून खाली येतं आणि माणसं खालून वर जातात. आम्हीही तिकडेच निघालो होतो, पाण्याच्या वरच्या अंगाला.

मांजरीचं घर सातव्या मजल्यावर होतं. सोलापूर रोडच्याच बाजूला का, तर आमचे सगळे ओळखीचे तिथेच राहतात. हडपसर, मांजरी, लोणी. गावाकडची बस शहरात शिरताना जिथे पहिल्यांदा थांबते तिथेच घर घ्यायचं, अशी काहीतरी ओढ असावी. नाहीतर नोकरी बाणेरला असलेल्या माणसानं हडपसरला राहण्याचं दुसरं कारण मला दिसत नाही. एजंट चुणचुणीत होता. आडनाव विचारलं, ते तीनदा विचारलं, मग “साउथचे का?” म्हणाला. आम्ही सोलापूरचे म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं की नाही कळलं नाही, पण घरमालकांना नॉनव्हेज चालत नाही हे त्यानं लगेच सांगून टाकलं. नवरा गप्प होता. त्यानं बाल्कनीत जाऊन खाली बघितलं, परत येऊन हॉलच्या भिंतीला हात लावला आणि विचारलं, “इतकं शांत कसं काय?” शेडमधल्या खटखटीत जन्म काढलेल्या माणसाचे कान दुखले असणार.

मी स्वयंपाकघरातला नळ सोडला. धो धो पाणी. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. “चोवीस तास?” मी विचारलं. “मॅडम, टँकर असतो ना,” तो म्हणाला. खाली लिफ्टजवळ नोटीस होती : या महिन्यात टँकरचा खर्च वाढल्यामुळे प्रत्येक फ्लॅटला जादा वर्गणी. म्हणजे वरच्या अंगालाही वरचं पाणी कुठून तरी विकतच आणतात.

परत येताना आम्ही फारसं बोललो नाही. घरी अत्तम्मा जाग्याच होत्या. मी त्यांना वहीचं पान दाखवलं नाही, तोंडीच सांगितलं. आणि मग मला सुचलेलं एक शहाणपणही सांगितलं, ज्याचा मला तेव्हा जरा अभिमान होता. उजनीत सगळं मिळून ११७ टीएमसी (म्हणजे हजार दशलक्ष घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्केवारीत तो धरतच नाहीत, धरतात तो वरचा ५३ टीएमसीचा उपयुक्त साठा. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, तरी आमचे नळ बंद पडले नाहीत. ते मृतसाठ्यावर चालले. मी म्हटलं, “अत्तम्मा, आपलंही तसंच आहे. पगार म्हणजे वरचं पाणी. खाली केवढं आहे बघा. स्वतःचं घर आहे, अण्णांची वही आहे, पोरं आजारी पडली तर बघायला तुम्ही आहात, शेजार आहे, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ दारावरून जातो. हे कुठल्या हिशेबात येतच नाही. पुण्यात सगळं वरचंच. एक महिना पगार चुकला की तळ.”

अत्तम्मांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या आहेत. दिवसाला हजार. सूप मांडीवर, हातात कात्री, आणि समोर कुणी कितीही मोठं बोललं तरी मान खाली. आता विड्या बंद आहेत, पण ऐकायची रीत तीच. माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “मृतसाठा पावसाळ्यात भरतो का आधी?”

“हो. आधी तोच भरतो, मग वरचं.”

“मग आपला कधी भरला शेवटचा?”

मला उत्तर देता आलं नाही. बाहेर नवरा शेडचं कुलूप लावत होता, त्याचाही आवाज थांबला. घर सासऱ्यांनी बांधलं. माग त्यांनी घेतले. अण्णांची वही अत्तम्मांच्या विडीच्या पैशांवर उभी राहिली, हप्ता कधी चुकला नाही म्हणून. आम्ही दोघांनी गेल्या दहा वर्षांत त्यात काय टाकलं? थोरलीच्या कानातलं गहाण आहे, हे त्या बोलल्या नाहीत. त्यांना माहीत होतं.

माझ्या वडिलांची मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. पप्पांनी मिलचा पास पुढची सहा वर्षं खिशात ठेवला, चालू होईल म्हणून. भोंगा वाजायचा त्या वेळेला ते अंघोळ करून तयार व्हायचे. पुण्याला बोलावणारे तेव्हाही होते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, आणि त्या रात्रीही सांगितलं नाही, पण नवऱ्याच्या हातातला तेलाचा डबा बघून मला काय आठवायचं ते आता कळलं असेल.

मग अत्तम्मांनी त्यांच्या आजेसासऱ्यांची गोष्ट काढली. मी ती लग्नात ऐकली होती, सगळ्यांच्या घरात असते तशी : दुष्काळात मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून निघाले, नलगोंड्याकडून, सोलापुरात हातमागावर लागले. पूर्व भागातल्या कुठल्याही घरात शिरा, थोड्याफार फरकानं हीच गोष्ट. त्या काळी सोलापूर म्हणजेच महागडं शहर होतं. १८७७ सालची जुनी मिल, मागून आलेल्या मिली, चाळी, खाणावळी. गावी एका कुटुंबाचं धान्य येईल तेवढ्यात इथे एका माणसाची खाणावळ व्हायची, असं म्हणे म्हातारे सांगायचे. या वेळी मात्र अत्तम्मांनी एक तपशील जास्त सांगितला, जो मला कुणी सांगितला नव्हता. “तो एकटाच आला होता. तीन वर्षं. मालकाच्या मागाखालीच झोपायचा. मग बायकोला आणलं. सगळं घर एकदम कोण हलवतं गं? आधी एकानं जायचं, पाणी बघायचं.”

नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, “पण मी कुठे जाऊ?”

अत्तम्मा म्हणाल्या, “तुला कोण म्हणतंय? हिला बोलावलंय ना.”

ठरलं ते असं. थोरली पुढच्या वर्षी दहावीला, तिला आत्ता शाळेतून उपटायचं नाही. मी एकटी जाणार, पेइंग गेस्ट म्हणून. नऊ हजारांत जेवणासकट. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सहाची हुतात्मा, रविवारी परत. दहावी झाली की पुन्हा बसून बघायचं, आणि तेव्हा न जायचं ठरलं तरी कुणी कुणाला बोलायचं नाही. पापड वाळवायचे ते दोन माग गेले. वजनकाट्याची पावती नवऱ्यानं स्वतः आणून फ्रिजवर लावली, थोरलीच्या कानातलं त्याच आठवड्यात सुटलं. उरलेल्या सहांतले पाच चालवायला त्यानं एक माणूस शोधलाय. चालतील का माहीत नाही. नातेवाइकांत यावर काय बोलतात ते माझ्यापर्यंत पोचतं, थोडं तिखटमीठ लावूनच. चुलतसासरे अजून माझ्याशी फोनवर बोलत नाहीत. धाकट्याला गाडी सुटताना रडायला येत नाही, त्याला मी परत येताना काय आणणार यातच रस असतो, आणि हे मला बरं वाटतं की वाईट, तेही अजून ठरलेलं नाही. नळाला तुकडा आता थोरली बांधते. तिची गाठ खालच्या बाजूला येते, मी फोनवर दोनदा सांगून बघितलं.

पुण्यात आम्ही एका खोलीत तिघी. एक नाशिकची, एक लातूरची, दोघी पंचविशीच्या आतल्या. एकोणचाळीस वर्षांच्या काकू पीजीत कशाला, असं त्यांना पहिले आठ दिवस वाटत होतं, मग शेंगाचटणीच्या डब्यानं ते मिटलं. बाथरूमला चोवीस तास पाणी. तरी रात्री झोपायच्या आधी माझ्या हातून बादली भरली जायचीच. तोंडाशी येईपर्यंत, वर ताट झाकून. नाशिकची हसायची. “काकू, नळ आहे ना.” मी म्हणायचे, असू दे, सवय आहे. तिनं त्या बादलीचा फोटो काढून ग्रुपवरही टाकला होता.

परवा टँकरवाल्यांचा कसला तरी वाद झाला. पहाटे सहाला संपूर्ण बिल्डिंगमध्ये थेंब नव्हता. दोघींनाही सकाळची शिफ्ट, तोंडात ब्रश आणि हातात कोरडा मग. मी ताट बाजूला केलं आणि दोघींना एकेक तांब्या मोजून दिला.